भुजंगावरची बंदी

रिसोडच्या गेमिंग पार्लरमध्ये अकरा पोरांच्या सह्यांचा कागद पडला होता. रविवारच्या स्पर्धेत 'भुजंग' या पात्रावर बंदी घाला, एवढीच मागणी. बारावी सही स्पर्धा समितीवरच्या रविकांतची. चहा पिता पिता, न वाचता ठोकलेली.

फरहा दोन वर्षं फक्त भुजंगच खेळत आली होती. बंदी म्हणजे ती घरी. तिनेच खासगी तपास करणाऱ्या देवमनला बोलावलं. रविकांत त्याचा जुना दोस्त, शेपटासारखा मागे आलाच.

"काल सरावात तिनं अकरा जण लोळवले," पार्लरचा मालक गजेंद्र पान चघळत म्हणाला. "भुजंगाचा वार अडतच नाही. गेमच सडका!"

"अन् हे खेळायचे रिमोट?" देवमनने विचारलं.

"काल सकाळीच दोन्ही उघडून मी साफ केले."

देवमनने रिमोट उलटे केले. उजव्याचे स्क्रू चकाकत होते. डाव्याच्या खाचांत जुना मळ घट्ट बसला होता. रविकांतला तो मळ पाहून शिसारी आली.

गजेंद्रचा भाचा पवन दोनदा फरहाशी अंतिम सामना हरलेला. तो म्हणाला, "मी बचावाचं बटण दाबूनच राह्यलो होतो, तरी मार बसे."

"कोणत्या खुर्चीत होता?"

"उजव्या. इथं जिंकला तो बसून राह्यते, हारला तो उठते. फरहाले मामानंच पहिले डावीकडं बसवलं."

"काका, मले कोणी इचारलं बी नाही," फरहा म्हणाली. डोळे भरले होते, पण आवाज ताठ होता.

देवमनने तिला उजवीकडे बसवलं, डावीकडे रविकांतला. "भुजंगच घे. नुसता बचाव कर."

रविकांतने जन्मात खेळाचा रिमोट धरला नव्हता. त्याच्या मरतुकड्या पैलवानाने भुजंगाला झोडपून आडवा केला.

"आता कोणावर बंदी घालता? या पैलवानावर?" देवमनने उजवा रिमोट उघडला. बचावाच्या बटणाखाली चिकटपट्टीचा तुकडा होता. "गजेंद्र, दोन्ही उघडले म्हणतं, तर डाव्याचा मळ तसाच कसा? तू एकच उघडला. फरहाले डावीकडं बसवलं. ती पहिला डाव जिंकली, की खुर्ची सोडणार नाही; बाकीचे आपोआप मेल्या बटणावर येतीन, अन् दोष भुजंगावर. भाच्यासाठी पोरीचा काटा काढून राह्यला होता!"

"मामा, थू!" पवन म्हणाला.

गजेंद्र पानाची पिंक कोपऱ्यात थुंकला. पोरांनी माना खाली घातल्या. फरहाने कपाटातला नवा रिमोट घेतला आणि उजव्याच खुर्चीत बसली. "पवन, ये. डावीकडं बस."

भुजंग पुन्हा जिंकला.

रविकांतने कागद ओढून आपली सही खोडली. मळ, चिकटपट्टी, पानाची थुंकी, कशाचीच वाटली नव्हती एवढी किळस त्याला त्या सहीची वाटली.