नेहमीएवढंच

कुलूप बाहेरून होतं, चावी आईच्या गळ्यातल्या दोऱ्यात होती, आणि आत थोरला मेलेला होता.

फौजदारबाई दारातच थांबल्या. खोली एवढीशी. एक खाट, एक खुर्ची, गजाची खिडकी. थोरला परवाच तुरुंगातून सुटून आला होता, तीन वर्षांची सजा भोगून. गर्दापायी चोरी आणि चोरीपायी तुरुंग, ही गोष्ट त्या वस्तीला पाठ होती. आता तो खाटेवर उताणा होता. हनुवटीपर्यंत चादर, डोक्याखाली नीट बसवलेली उशी.

पोलीस डॉक्टरांनी त्याच्या पापण्या उचलून पाहिल्या.

"बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात. गर्दच. पोस्टमॉर्टेममध्ये दुसरं काही निघणार नाही." मग त्यांनी त्याचा उजवा हात वर धरला. अंगठ्याला आणि पहिल्या बोटाला काजळी होती.

"पन्नीची," फौजदारबाई म्हणाल्या. चंदेरी कागदावर पूड ठेवायची, खालून काडी लावायची आणि धूर ओढायचा. ती काजळी त्यांनी पुष्कळ बोटांवर पाहिली होती.

हवालदाराने गादी उलटली, खाट सरकवली, खिडकीचा कोनाडा चाचपला. पन्नी नाही. पुडी नाही. जळकी काडीसुद्धा नाही.

"मेला धुराने आणि धूर काढायला काहीच नाही," हवालदार म्हणाला. "भुताने पाजला का काय?"

"भुतं अंगावर चादर घालत नाहीत," फौजदारबाई म्हणाल्या.

बाहेरच्या खोलीत म्हातारी आई भिंतीला टेकून बसली होती. शेजारी धाकटा. धाकटा शिंपी होता, इमारतीच्या खालीच त्याचं दुकान. म्हातारीने त्याच्या शर्टाचं टोक मुठीत धरलं होतं.

"आता हा एकच राहिलाय माझा," ती म्हणाली. "याला काय विचारायचं ते माझ्यासमोर विचारा."

फौजदारबाईंनी समोर स्टूल ओढलं.

"कुलूप का लावलं होतं?"

"दादानेच सांगितलं," धाकटा म्हणाला. "म्हणाला, मला सोडू नका, पाय आपोआप तिकडे वळतील."

"खोली तपासली होती?"

"मी तपासली. गादीची शिवण उसवून कापूस चाचपला. त्याच्या शर्टाची कॉलर, पँटची कंबर, सगळं उसवून परत शिवलं. मी शिंपी आहे, बाई. शिवणीत काही लपवलं तर माझ्या बोटांना कळतं."

"आत कोण जायचं?"

"आई. जेवण घेऊन."

"मग झालं काय, तुमच्या मते?"

"त्याने कुठून तरी मिळवलं असेल. आणि अधाशासारखं जास्त घेतलं असेल. तीन वर्षांची भूक होती."

"माझं लेकरू अधाशी नव्हतं," म्हातारी एकदम म्हणाली. "नेहमीपेक्षा कणभर जास्त कधी घेतलं नाही त्याने."

धाकट्याने तिचा हात दाबला. फौजदारबाईंची नजर भिंतीवर गेली. तिथे खालच्या बाजूला, लहान मुलाच्या हाताला येईल अशा उंचीवर, दोन रिकाम्या खुंट्या होत्या.

"मुलगी तुमची?"

"हो. बायको तिला घेऊन माहेरी गेलीय."

"कधीपासून?"

"दादा सुटणार हे कळल्यापासून."

"परत कधी येणार?"

"बघू, म्हणाली," धाकटा म्हणाला. नवऱ्याला बायकोने 'बघू' म्हटलं की त्याचा अर्थ काय असतो, ते फौजदारबाईंना समजावून सांगायची गरज नव्हती.

त्या म्हातारीकडे वळल्या. "तुरुंगात भेटायला जायच्या का, आजी?"

"जिना उतरवत नाही, बाई. गुडघे गेले. तीन वर्षं त्याचं तोंड पाहिलं नव्हतं. परवा पाहिलं."

आदल्या दुपारी थोरल्याचा जुना दोस्त येऊन गेल्याचं शेजारणीने सांगितलं होतं. त्याला सगळे टोपी म्हणत, कारण भर उन्हाळ्यातही त्याच्या डोक्यावरची लोकरीची टोपी उतरत नसे. तो बसस्टॉपवरच्या बाकावर सापडला, जिथे तो कुठलीही बस न पकडता दिवसभर बसे.

"काल पुडी दिलीस त्याला?"

"देवाशपथ नाही. म्हातारी झाडू घेऊन अंगावर आली. बाहेर कुलूप, खिडकीला गज, आणि वर ती. त्या घरात मुंगी शिरायची नाही." टोपी हसला. पुढचे दात नव्हते. "आणि त्याला माझी काय गरज? पूर्वीसुद्धा त्याचं रेशन घरूनच सुटायचं."

"म्हणजे?"

"म्हातारी स्वतःच्या हाताने द्यायची की. पूड तिच्या ताब्यात. सकाळ-संध्याकाळ, औषधाच्या चमच्याने मापून. रस्त्यावर मरण्यापेक्षा माझ्यासमोर घे, म्हणायची, हळूहळू कमी करू. आम्ही चिडवायचो त्याला. तुझी आई बरी, आमच्या आया नुसत्या शिव्या देतात."

"कमी झालं का मग?"

"कुणाचं झालंय, बाई?"

फौजदारबाईंना हसू आलं नाही. वेड्या मायेचे नाना प्रकार त्यांनी नोकरीत पाहिले होते. हा शहाणपणासारखा दिसत होता, म्हणून त्यांना जास्त वाईट वाटला.

चौकीवर येऊन त्यांनी तुरुंगातल्या समुपदेशकाला फोन लावला. "पूर्वी घ्यायचा तेवढंच घेऊन माणूस मरतो का हो?"

"तेच तर मारतं," समुपदेशक म्हणाला. "तीन वर्षं शरीराला सवय नसते, आणि बाहेर येऊन माणूस जुनंच माप घेतो. पहिल्या आठवड्यातच जातात बरेच. म्हणून सुटकेआधी आम्ही घरच्यांना बोलावून हेच बजावतो."

"याच्या घरचं कोणी आलं होतं?"

"आले होते ना. बाकीचे उठून गेल्यावरही थांबले. दोनदा विचारलं, पूर्वीएवढंच घेतलं तरी? मी म्हटलं, तरीही. मला बरं वाटलं. म्हटलं, एक तरी घर आहे जिथे इतकी काळजी करतात."

कोण आलं होतं, ते विचारून फौजदारबाईंनी फोन ठेवला. हवालदाराने सुचवलं की गर्दुल्ला मेला, अपघात लिहून टाकावा, कुणाचं काही अडणार नाही. त्यांनाही क्षणभर तसंच वाटलं. त्या घरात आता एकच मुलगा उरला होता, आणि त्या जिना चढून वर गेल्या की तोही उरणार नव्हता.

संध्याकाळी त्या जिना चढून वर गेल्या.

"आजी, काल पुडी तुम्ही दिलीत," त्या समोर बसत म्हणाल्या. "चादर ओढून, उशी सरळ करून कोणी मरत नाही. ते दुसऱ्या कुणीतरी केलं. पन्नी आणि काड्याही त्यानेच उचलल्या. आत तुमच्याशिवाय कोणी जात नव्हतं. आणि कणभर जास्त नव्हतं, हे मापणाऱ्यालाच माहीत असतं."

म्हातारीने नाही म्हटलं नाही.

"दिवसभर दार बडवत होता," ती म्हणाली. "डोकं आपटत होता भिंतीवर. बाहेर गेला असता तर तुम्ही पुन्हा उचलला असता. नेहमीएवढंच दिलं मी. मग गाढ झोपला. किती वर्षांनी झोपलेला पाहिला त्याला. म्हणून चादर घातली."

"पूड कुठून आणलीत?"

"घरात होती, जुनी."

"अटकेच्या वेळी आमच्या लोकांनी या घराच्या फरश्या उचलल्या होत्या, आजी. जुनं काही राहिलं नव्हतं. आणि तुम्ही जिना उतरत नाही."

"मीच आणली. मीच दिली. चला, मला न्या." ती भिंतीला धरून उठायला लागली.

फौजदारबाईंनी धाकट्याकडे पाहिलं. तो खाली बघत होता.

"पूड तुम्ही आणलीत. शिवणी तुम्ही खऱ्याच उसवल्या, कारण त्याला दुसरीकडून चिमूटभरही मिळायला नको होतं. चिमूटभर घेऊन तो वाचला असता. त्याला आईच्या हातचं जुनं माप मिळायला हवं होतं. त्याने काय होतं हे यांना माहीत नव्हतं. तुम्हाला होतं, कारण तुरुंगात तुम्ही दोनदा विचारून खात्री करून घेतलीत. आणि सकाळी मला म्हणालात, जास्त घेतलं असेल. पूर्वीएवढ्यानेच माणूस मरतो हे ज्याला बजावून सांगितलंय, त्याला आधी तेच आठवलं असतं."

धाकट्याने मान वर केली.

"बायको परत आली असती," तो म्हणाला. "झोपलेल्या पोरीच्या कानातले काढून विकले होते त्याने. तो घरात असेपर्यंत पोरीला आणणार नाही, म्हणाली. तो पुन्हा आत गेला असता, पुन्हा सुटला असता. आम्ही काय त्याच्या सुटकेच्या तारखा मोजत म्हातारं व्हायचं? मी त्याला हातसुद्धा लावला नाही, बाई."

"हात तुम्ही आईचा वापरलात."

म्हातारी तशीच अर्धवट उठलेली होती. ती सावकाश खाली बसली.

"मी पन्नी त्याच्या हातात दिली तेव्हा तू दाराबाहेर उभा होतास," ती धाकट्याला म्हणाली. "तू म्हणालास, नेहमीएवढंच दे, झोपेल. तुला ठाऊक होतं?"

धाकट्याने होकारार्थी मान हलवली. म्हातारी रडली नाही. फौजदारबाईंना वाटलं, रडली असती तर बरं झालं असतं.

हवालदाराचा फोन वाजला. त्याने ऐकून घेतलं आणि चाचरत म्हणाला, "शवागारातून आहे. पोस्टमॉर्टेम झालंय. प्रेत ताब्यात घ्यायला घरचं माणूस पाठवा म्हणतात."

धाकटा उठला. "मी येतो. तेवढं करू द्या, मग कुठे न्यायचं तिथे न्या."

"तू नको," म्हातारी म्हणाली.

"आई, तुला जिना—"

"तू त्याला हात लावायचा नाहीस."

तिने शर्टाचं टोक सोडलं होतं. कधी सोडलं ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

जिना अरुंद होता. म्हातारी बसून उतरली, एकेका पायरीवर आधी पाय, मग अंग. फौजदारबाई तिच्या पुढे उलट्या उतरत होत्या, तिचे दोन्ही हात धरून. वर धाकटा आणि हवालदार वाट मोकळी व्हायची वाट बघत उभे होते. शेजारपाजारची दारं किलकिली झाली आणि मिटली. अर्ध्यावर म्हातारीला दम लागला.

"बाई," ती म्हणाली, "त्याला पाहून झालं की मला पण आत ठेवणार ना?"

फौजदारबाईंना खोटं बोलता आलं नाही. "ठेवावं लागेल, आजी."

"बायकांचा तुरुंग वेगळा असतो ना? याच्यापासून लांब?"

"वेगळा असतो."

"मग ठीक आहे," म्हातारी म्हणाली, आणि पुढच्या पायरीवर सरकली.