पायधुणी

“बाळा, पाणी आज बरं आहे, क्लोरीन कालच्याएवढंच सोड. येतो.”

टेंभुर्डे गावच्या जलशुद्धीकरण केंद्रात हा आवाज रोज सकाळी यायचा. बोलणारे नामाकाका, वर नदीवर पाणी उपसणारे. आणि बाळ म्हणजे क्लोरीन सोडणारा पंप. बोलके पंप आल्यापासून बटणं मागे पडली होती. माणसानं आपल्या बोलीत सांगायचं, पंपानं ऐकायचं. फक्त सांगणाऱ्याची गुप्त किल्ली खरी हवी.

केंद्र मृणाल खरात सांभाळायची, एका जुनाट लिनक्स संगणकावर. त्यावरच ती पाण्याचे तक्ते करी आणि तोच केंद्राची अग्निभिंत, म्हणजे फायरवॉलही होता. एक तार बाहेरच्या जगाकडे, दुसरी आत पंपांकडे. मधलं सगळं येणंजाणं तिच्या पडद्यावरून.

जिल्ह्याच्या गुंजाळसाहेबांना हे बघवत नसे. आज तर ते नवी पेटी घेऊनच आले होते. नदीकाठच्या बाकी तिन्ही गावांत तसली बंद अग्निभिंत केव्हाच बसली होती.

“पोळ्या लाटणारीलाच दारवान नेमलंय तुम्ही, मॅडम. एक यंत्र, एक काम. हे आजच काढायचं.”

“साहेब, दारातला पाहुणा खरा की खोटा, ते घरात राबणारीलाच कळतं,” मृणाल म्हणाली. “आणि माझ्याकडे पायधुणी आहे.”

पायधुणी हा तिनं स्वतः लिहिलेला नियम. किल्ली खरी असली तरी निरोपानं वीस सेकंद दारात थांबायचं, पाय धुवायचे, मगच आत. साहेब खो-खो हसले. आपण उगाच हट्टाला पेटलोय, असं तिलाही क्षणभर वाटून गेलं.

तेवढ्यात निरोप आला. आवाज नामाकाकांचा, किल्लीही त्यांचीच.

“बाळा, पाणी फार घाण आलंय. क्लोरीन वीसपट कर. जातो.”

मृणाल पडद्याकडे वळली. वीसपट! आख्खं गाव तेच पाणी पिणार. आणि ‘जातो’? बावीस वर्षांत काकांनी निघताना हा शब्द उच्चारला नव्हता. गेल्या खेपेला साहेब ‘जातो’ म्हणाले, तर काकांनी त्यांनाही दारात अडवून ‘येतो म्हणा’ असं बजावलं होतं.

अकरा सेकंद उरले होते. तिनं एकच ओळ लिहिली आणि आतलं दार बंद केलं. मग काकांना फोन लावला.

“मी कशाला सांगू असलं? मघाशीच म्हणालो ना, पाणी बरं आहे म्हणून,” काका वैतागले. “चहा पितोय गं मी.”

साहेबांचा चेहरा उतरला. “किल्ली खरी होती. माझ्या पेटीनं हा निरोप थेट आत सोडला असता.” मग ते ताडकन उठले. “बाकीची गावं!”

दोघांनी भराभर फोन केले. दोन गावांत पंप वीसपट क्लोरीन सोडूही लागले होते. तिथल्या माणसांनी धावत जाऊन गावाकडची झडप हातानं बंद केली. एकाही नळाला ते पाणी पोचलं नाही. मृणालनं तिन्ही गावांना नवा नियम पाठवला: जो ‘जातो’ म्हणेल त्याला दारातच धरा. दुपारपर्यंत तीनशेवर तोतये निरोप सापडले. मृणाल इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

साहेबांनी आपली पेटी गुपचूप जीपमध्ये ठेवली. “पायधुणी आमच्या पेट्यांत बसेल?”

“बसेल. पण शेजारी पोळ्या लाटणारी हवी.”

“बरं, जा...” साहेबांनी जीभ चावली. “येतो.”

घरी निघण्याआधी तिनं अडवलेल्या निरोपांची यादी चाळली. जातो, जातो, जातो. काकांची चोरलेली किल्ली तिनं केव्हाच रद्द केली होती, म्हणून शेवटचा निरोपही दारातच अडकला होता. तिनं तो ऐकला. काकांच्याच आवाजात एकच शब्द होता.

“येतो.”

मृणाल उठता उठता परत खुर्चीत बसली. दिवसभरात शिकला होता तो तोतया. पण हे नुसतं निघताना म्हणायचं ‘येतो’ होतं, की पुन्हा येण्याची वर्दी?