एका रात्रीत कर्कश झालेला तंबोरा

शिरीनने तंबोऱ्याची पहिली तार छेडली आणि चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

तार चक्क किंचाळत होती. तिने दुसरी छेडली, तिसरी छेडली. चारही तारा एकीपेक्षा एक कर्कश! काल संध्याकाळी हाच तंबोरा इतका गोड वाजत होता, की शिरीन स्वतःवरच खूश होऊन दोन घास जास्त जेवली होती. रात्रभर तो कोपऱ्यात गवसणी घालून उभा होता. कुणी त्याला हात लावला नव्हता, हवा बदलली नव्हती, घरात मांजरसुद्धा नव्हतं. मग झालं तरी काय?

आता ही मिरजेतली गोष्ट आहे आणि साल आहे २०६१, हे आधी सांगितलेलं बरं. त्या काळी मिरजेत तंबोऱ्यांचे भोपळे वाळवायला यंत्रं आली होती, लाकूड कापायला यंत्रमानव आले होते. पण तंबोऱ्याची जवारी काढायला मात्र माणसाचाच कान लागायचा. तंबोऱ्याच्या तारा एका रुंद पट्टीवर टेकलेल्या असतात, तिला म्हणतात घोडी. या घोडीचा माथा कानशीने (लोखंड किंवा लाकूड घासायच्या अवजाराने) इतका हलकेच घासायचा, की तार तिला नुसती चाटून जावी. मग एकाच तारेतून मूळ सुराबरोबर वरचे कितीतरी बारीक सूर झिणझिणत बाहेर पडतात. हीच जवारी. कमी घासलं तर तार मुकी राहते आणि जास्त घासलं तर कानात खुपते. आणि एकदा घासलेलं परत भरून काढता येत नाही.

शिरीनच्या घरात एक रिवाज होता. तेरावं वर्ष लागलं, की खऱ्या गिऱ्हाइकाच्या तंबोऱ्याची जवारी एकट्याने काढायची. जमली, तर नाना, म्हणजे तिच्या आईचे वडील, स्वतःची कानस तिच्या हाती देणार. नाही जमली, तर पुन्हा वर्षभर भोपळे घासत बसायचं. काल तिची वेळ आली होती. शाळेतून आली, दप्तर फेकलं, सरळ कानस घेऊन बसली. आणि हा तंबोरा काही ऐऱ्यागैऱ्याचा नव्हता, गायिका मृदुलाबाई हळब्यांचा होता. रविवारी त्या स्वतः न्यायला येणार होत्या, आणि आज होता शुक्रवार.

"काय गं, भूत बघितल्यागत काय बसलीस?" नाना चहाची बशी घेऊन बाहेर आले.

"नाना, ऐका." शिरीनने तार छेडली आणि स्वतःच डोळे घट्ट मिटून घेतले.

नानांनी मान डोलावली. "झकास! काल म्हणालो तेच आज म्हणतो. गोड आहे."

शिरीन त्यांच्याकडे बघतच राहिली. "गोड? नाना, ही तार ओरडतेय!"

"ओरडतेय?" नानांनी बशी खाली ठेवली, कान तंबोऱ्याजवळ नेला, पुन्हा पुन्हा ऐकलं. "चाळीस वर्षं हेच काम करतोय बेटा. तंबोऱ्याला काही झालेलं नाही. झालंय ते तुझ्या कानाला. दिवसभर ती गाण्याची बोंडं कानात कोंबून बसतेस ना, त्यानं! आज शाळा राहू दे, घाल चप्पल. आत्ताच्या आत्ता त्या कानसेनकडे जायचं."

शिरीनची शाळा कोल्हापूरला होती. पंख्यांवर उडणारी बस तिला चाळीस मिनिटांत नेई आणि चाळीस मिनिटांत आणून सोडी. वाटेत ती इअरफोनवर गाणी ऐके. डावं बोंड टोचायचं, म्हणून ती ते अर्धवटच घालायची. नवा, न टोचणारा इअरफोन घ्यायचं तिच्या मनात कधीपासून होतं. पण ही काही खरेदीला जायची वेळ होती का?

कानसेन हा बसथांब्याजवळच्या इअरफोनच्या दुकानातला यंत्रमानव. तानसेन होता आलं नाही तरी माणसाने कानसेन व्हावं, असं आपण म्हणतो ना, त्यावरून मालकाने हौसेने त्याचं नाव ठेवलं होतं. पण तो इतकं खरं बोलायचा, की मालकाची हौस लवकरच फिटली. गिऱ्हाइकाचा कान तपासल्याशिवाय तो काहीही विकत नसे, आणि तपासल्यावरही कैकदा "तुम्हाला नको" म्हणून परत पाठवत असे.

शिरीनने त्याला सगळं सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "काल जवारी काढायच्या आधी तू काय करत होतीस?"

"बसमध्ये होते. गाणी ऐकत."

"तुझा इअरफोन दे. काल जेवढा आवाज ठेवला होतास, तेवढाच ठेव."

शिरीनने आवाज लावला. कानसेनने इअरफोन एका रबरी कानात घातला आणि समोरच्या काचेवर आकडा उमटला: ९७.

"सत्त्याण्णव डेसिबल (आवाजाची तीव्रता मोजायचं माप)," कानसेन म्हणाला. "पंच्याऐंशी डेसिबलचा आवाज आठ तास चालतो. पण त्यात नुसते तीन वाढले, की कानावर आदळणारी ऊर्जा दुप्पट होते आणि वेळ निम्मा होतो. अठ्ठ्याऐंशीला चार तास. आता पुढचं तूच सांग."

"एक्याण्णवला दोन, चौऱ्याण्णवला एक..." शिरीन बोटं मोजता मोजता थांबली. "सत्त्याण्णवला अर्धाच तास?"

"आणि तू रोज ऐकतेस ऐंशी मिनिटं."

"पण मला तेवढा मोठा वाटतच नव्हता! बसचे पंखे घोंघावतात, गाणं ऐकूच येत नाही, म्हणून वाढवते."

"खरंय. बसचा आवाजच ब्याऐंशी आहे. तुझं बोंड सैल, त्यामुळे तो फटीतून आत शिरतो, आणि त्याच्यावर मात करायला तू गाणं वाढवतेस. आता आत काय होतं ते बघ."

काचेवर कानाचं चित्र उजळलं. बाहेरून आलेला आवाज कानाच्या पडद्यावर आपटला, तीन इवल्याशा हाडांनी तो पुढे ढकलला आणि तो कर्णावर्तात (गोगलगायीच्या शंखासारख्या गुंडाळलेल्या, पाण्याने भरलेल्या नळीत) शिरला. नळीच्या आत रांगेने बारीक बारीक तुरे डोलत होते.

"या केशपेशी," कानसेन म्हणाला. "पेशींच्या डोक्यावर केसांसारखे तुरे असतात. पाणी हललं की ते वाकतात आणि मेंदूला निरोप जातो. एका कानात या साधारण पंधरा हजार. नळीच्या तोंडाशी असलेल्या बारीक, उंच सूर ओळखतात, आणि मोठ्या आवाजाचा मार बहुधा तिथेच आधी बसतो."

मग त्याने आवाज वाढवला. तुरे वाकले, आडवे झाले, आणि आडवेच राहिले. शिरीनने नकळत स्वतःचे कान हातांनी झाकले.

"पायवाटेवरचं गवत असतं ना, तसं समज. एकदा तुडवलं तर रात्रीतून उभं राहतं. काल तुझे कान तुडवलेले होते, उंच सूर त्यांना ऐकूच येत नव्हते. ते ऐकू येईपर्यंत तू घोडी घासत राहिलीस. रात्री कानांना विश्रांती मिळाली आणि सकाळी ते उभे राहिले. तंबोरा काल संध्याकाळीही कर्कशच होता, शिरीन. ऐकणारी तू होतीस कुठे?"

तंबोरा बदललाच नव्हता! ज्या कानांवर तिचा सगळा भरवसा, त्यांनीच तिला फसवलं होतं, आणि फसवतायत याचा तिला पत्ताही लागला नव्हता.

"आणि... रोज तुडवलं तर?" तिने हळूच विचारलं.

"पायवाटेवर गवत उगवत नाही," कानसेन म्हणाला. "मेलेली केशपेशी माणसाच्या कानात पुन्हा येत नाही. चल, तुझे कान बघू."

काचेच्या खोलीत बसून शिरीनने वेगवेगळे सूर ऐकले, ऐकू आला की बटण दाबलं. बाहेर तिचा श्रवणालेख (कोणता सूर किती हळू वाजला तरी ऐकू येतो, ते दाखवणारी रेघ) तयार झाला. रेघ जवळजवळ सपाट होती. फक्त डाव्या कानाला एका जागी लहानसा खड्डा होता.

"हा भरेल ना?"

"काही अंशी भरेल. सगळा भरेलच असं मी सांगू शकत नाही. पण आज थांबलीस, तर वाढणार नाही."

शिरीनच्या डोळ्यांत पाणी तरारलं. नानांना ते बघवेना. "एवढंसं पोर, काय घाबरवतोस रे!" ते कडाडले. "बघ बेटा, कान कसा असावा ते मी दाखवतो. चाळीस वर्षांचा कसलेला कान आहे." आणि ते ऐटीत खोलीत जाऊन बसले.

सूर सुरू झाले. नाना बटण दाबत होते. मग त्यांचं बोट थांबलं. शिरीनला वाटलं, चाचणी संपली. पण काचेवरचे दिवे लागत होते, सूर वाजतच होते. नाना शांत बसून पुढच्या सुराची वाट पाहत होते.

बाहेर आलेली रेघ अर्ध्यापर्यंत सरळ होती आणि तिथून कड्यावरून पडल्यासारखी खाली गेली होती.

"खोटं आहे," नाना म्हणाले. "यंत्र बिघडलंय तुझं!"

"वयानं उंच सूर आधी जातात, नाना," कानसेन म्हणाला. "शिवाय तुमच्या घरच्या कारखान्यात लाकूड कापायचं चक्र आहे. त्याच्याशेजारी तुम्ही कान न झाकता किती वर्षं बसलात?"

सकाळी ती किंचाळणारी तार नानांना गोड का वाटली, ते शिरीनला लख्ख कळलं. तिचे कान एका संध्याकाळपुरते गेले होते. नानांचे परत येणार नव्हते.

नाना खालच्या आवाजात म्हणाले, "तीन वर्षांपासून शंका होती. प्रत्येक तंबोरा तुला ऐकवायचो ना, 'सांग बघू, कसा आहे' म्हणून? तुला वाटायचं मी परीक्षा घेतोय. मी विचारत होतो बेटा. खरंच विचारत होतो. काल मात्र रिवाज म्हणून तुला विचारलं नाही."

शिरीनने त्यांचा हात घट्ट धरला. मग तिने कानसेनला विचारलं, "कुणाच्याच केशपेशी परत येत नाहीत?"

"पक्ष्यांच्या येतात," कानसेन म्हणाला. "कोंबडीचा कान बिघडला तर काही आठवड्यांत नव्या पेशी उगवतात. माणसाच्या कानाला ती युक्ती कशी शिकवायची, यावर पुष्कळ लोक काम करतायत. अजून जमलेलं नाही. तुझ्यासारखं कुणीतरी त्यांना लागेल."

मग त्याने नवे इअरफोन काढले. आधी दोन्ही कानांची नळी मोजली. डावी उजवीपेक्षा अरुंद निघाली.

"दोन्ही कान सारखे नसतात?" शिरीनने आश्चर्याने विचारलं.

"पाय तरी कुठे असतात? डाव्या बोंडाला लहान टोपी, उजव्याला मधली. स्पंजाची मऊ घेऊ, म्हणजे नळीचा आकार ती स्वतःच घेईल. घाल, आणि जबडा हलव. सुटतंय? टोचतंय?"

"नाही."

"आता बोल."

"काय बोलू?" शिरीन म्हणाली आणि दचकली. तिचाच आवाज तिला घागरीत तोंड घालून बोलल्यासारखा घुमत आला.

"म्हणजे फट बुजली. आता बसचा आवाज वीसेक डेसिबलने कमी होईल आणि गाणं सत्तरावर ठेवलंस तरी नीट ऐकू येईल. न टोचणारं बोंड ही चैन नव्हे. ते नीट बसतं, म्हणून आवाज कमी पुरतो. मात्र बसमधून उतरलीस की लगेच काढायचं. बुजलेल्या कानाला मागून येणारी गाडी ऐकू येत नाही. आणि जवारी काढायच्या दिवशी गाणी अजिबात नकोत."

शनिवारी शिरीनच्या कानांना विश्रांती मिळावी म्हणून घरात चक्र बंद होतं. रविवारी सकाळी तंबोऱ्यावर जास्त घासल्या गेलेल्या घोडीच्या जागी नवी घोडी बसली. शिरीनने घासायला सुरुवात केली. एक हात, मग तार छेडायची. पुन्हा एक हात, पुन्हा तार. नाना समोर बसून तिच्या चेहऱ्याकडे बघत होते.

"झालं गं," ते एकदा म्हणाले. "छान लागलीय."

आजवर नानांनी "झालं" म्हटल्यावर घरात कुणी कानस उचलली नव्हती. चूक की बरोबर, हे सांगणारं आता तिच्या वर कुणीच नव्हतं. तिने पुन्हा तार छेडली आणि डोळे मिटून ऐकलं.

"नाही नाना. अजून नाही."

नानांनी स्वतःच दिवा तिच्या जवळ सरकवला. आणखी तीन हात, अगदी हलके. तिसऱ्या हातानंतर छेडलेली तार दुभंगल्यासारखी वाटली, आणि मग तिच्यातून बारीक बारीक सूर सगळ्या खोलीभर पसरले. शिरीनने कानस खाली ठेवली. नानांनी विचारलं नाही. तिचा चेहराच सांगत होता.

मृदुलाबाई दुपारी आल्या. त्यांनी तंबोरा मांडीवर घेतला, चारही तारा छेडल्या आणि बराच वेळ छेडतच राहिल्या.

"नाना," त्या शेवटी म्हणाल्या, "गेली दोन-तीन वर्षं तुमच्या जवारीत काहीतरी थोडं कमी पडायचं. तुमचा मान मोठा, म्हणून मी बोलले नाही. आज मात्र काय लागलीय! कुणी काढली?"

गिऱ्हाइकासमोर नानांनी आपली चूक आजवर कधी कबूल केली नव्हती.

नाना उठले. स्वतःची कानस त्यांनी शिरीनच्या ओंजळीत ठेवली आणि मृदुलाबाईंकडे वळून म्हणाले, "बाई, मला आता वरचे सूर ऐकू येत नाहीत. यापुढं काही विचारायचं असलं, तर हिला विचारा."