दहा मिती आणि एक तारीख

"पत्रिका आहे का?" विशाखानं मान वर न करताच विचारलं.

विचारणार नाही तर काय! एप्रिल महिना, अठ्ठ्याऐंशीची लग्नसराई ऐन भरात, आणि धुळ्याच्या आग्रा रोडवरच्या रतिलालशेठच्या छापखान्यात दोन महिने झाले, जो येईल तो लग्नपत्रिकाच घेऊन येत होता. विशाखा तिथली कंपोझिटर. लाकडी केसमधून अक्षरांचे शिशाचे खिळे उचलायचे, ओळी जुळवायच्या आणि पान झालं की सुतळीनं करकचून बांधायचं. वधू-वरांची नावं तिला आता झोपेतसुद्धा उलटी वाचता येत होती.

"पत्रिका नाही... म्हणजे... मितींचं आहे," दारातून आवाज आला. "दहा मिती."

आता तिनं वर पाहिलं. उंच, घामेजलेला, खिशाला तीन पेनं, हातात वहीच्या पानांची गुंडाळी. आणि डोळे... त्या डोळ्यांपायी तिच्या हातातला 'क' नेमका 'म'च्या खान्यात जाऊन पडला.

"दहा? पत्रिकेवर एकच मिती टाकतात हो."

"चार तर सगळ्यांनाच ठाऊक आहेत. बाकीच्या सहा फार बारीक. गुंडाळलेल्या. कुणाला दिसतच नाहीत."

क्षयतिथी विशाखाला ठाऊक होती. गुंडाळलेली तिथी तिनं पहिल्यांदाच ऐकली. "लग्न कोणाचं आहे?"

"लग्न? छे, छे! विश्वाचं आहे हे."

"विश्वा धाकटा भाऊ का तुमचा?"

तो इतका हसला की त्याला दाराची चौकट धरावी लागली. "मी आधार बैसाणे," हसू ओसरल्यावर तो म्हणाला. "अमळनेरला एका शाळेच्या प्रयोगशाळेत असतो. जय भीम."

"जय भीम," विशाखा म्हणाली, आणि आणखीच गोंधळली. जय भीमवाल्यांच्या घरात मुहूर्त नाही, पत्रिकेवर मिती नाही. तिच्या घरातही नव्हती. मग हा बाबा दहा-दहा मिती घेऊन हिंडतोय कशाला?

त्याला सोळा पानांची पुस्तिका छापायची होती. इंग्रजी मासिकं आणि शब्दकोश शेजारी-शेजारी ठेवून त्यानं ती लिहिली होती. सगळं जग म्हणे अतिशय बारीक तारांचं बनलेलं आहे. तार एका तऱ्हेनं थरथरली की एक कण, दुसऱ्या तऱ्हेनं थरथरली की दुसरा. आणि त्या तारांना थरथरायला आपल्या लांबी-रुंदी-उंचीची जागा पुरत नाही, काळ धरूनही नाही. त्यांना दहा दिशा लागतात. या दिशांनाच तो मिती म्हणत होता.

"ही सुतळी बघा," त्यानं तिच्या टेबलावरचा तुकडा उचलला. "लांबून नुसती रेघ. पण मुंगी झालात तर हिच्या भोवतीनं फिरता येतं. ती भोवतीची वाट म्हणजे गुंडाळलेली मिती."

"सुतळी सोडली की सगळं विखुरतं, एवढं मला माहीत आहे," ती म्हणाली. "माझं विश्व रोज सुतळीवरच असतं."

"हे..." त्याची बोटं थांबली. "हे मी पुस्तिकेत घालू?"

मग दर शनिवारी, शाळा अर्धी असायची म्हणून, अमळनेरची एसटी त्याला आणून सोडू लागली. दोन पानं तपासायला त्याला तीन तास लागत. अमळनेरलाही छापखाने होते, पण तिथं सगळे ओळखीचे, सगळे हसणारे.

"खरं सांगू? मला यातलं निम्मं समजलेलं नाही," एकदा तो म्हणाला.

"मग छापताय कशाला?"

"छापलं की कुणीतरी चूक दाखवेल. मनातल्या मनात ठेवलं तर कोण दाखवणार?"

विशाखाची पंचाईत वेगळीच होती. हा माणूस बोलतो ते विश्वाबद्दल की तिच्याबद्दल, तेच तिला उमगेना.

"दोन तारा लांब असल्या तरी एका सुरात थरथरत असतील... असा माझा आपला एक तर्क आहे," तो तिच्याकडे बघत म्हणायचा.

"किती लांब? अमळनेर ते धुळे?"

तो लाल व्हायचा आणि पानात डोकं खुपसायचा. आता याचा अर्थ काय लावायचा? घरी जाताना ती रागवायची आणि पुढच्या शनिवारी वेणी जरा जास्तच नीट घालायची. आपण प्रेमात पडलोय हे तिला कळून चुकलं होतं. कोणत्या मितीत पडलोय तेवढं कळत नव्हतं.

अशात भुसावळचं स्थळ आलं. मुलगा रेल्वेत, माणसं चांगली. तिचे वडील झिपरूनाना सरळ माणूस. "पोरी, रविवारी त्यास्नी निरोप धाडना शे," ते म्हणाले. "हो म्हन, नही म्हन. पन काहीतरी म्हन."

काय म्हणणार! ज्याच्यासाठी नाही म्हणायचं त्यानं अजून काही विचारलंच नव्हतं.

शनिवारी सोळावं पान जुळवायला घेतलं. मजकूर संपला आणि खाली चार बोटं जागा उरली. विशाखानं इकडेतिकडे पाहिलं. शेठ जेवायला गेलेले. तिच्या हातांनी तिला न विचारताच खिळे उचलले. पान बांधलं, शाई फिरवली, प्रूफ काढलं आणि आधार आल्या आल्या ते त्याच्या पुढ्यात सरकवलं.

"चुका बघा," ती म्हणाली.

तो लाल पेन्सिल घेऊन वाचू लागला. वाचता वाचता शेवटच्या ओळीशी आला. तिथं छापलं होतं— 'उद्या भुसावळच्या स्थळाला होकार कळवायचा आहे. लेखकाचा तर्क काय?'

आधारनं ती ओळ दोनदा वाचली. मग पेन्सिल 'होकार'वर टेकवली, शब्द खोडला, आणि समासात शब्द काढून टाकायची ती गुंडाळीसारखी खूण केली. घाईघाईत एका गुंडाळीच्या तीन झाल्या. शेजारी त्यानं लिहिलं— 'नकार'.

"एवढंच?" विशाखानं विचारलं. तिला हसायचं होतं, पण डोळे भलतंच काही करत होते.

त्यानं तोंड उघडलं. एरवी विश्वावर तासन् तास चालणारी ती पुस्तकी मराठी नेमकी आताच त्याला सोडून पळाली, आणि उरली ती घरची अहिराणी.

"माले तू आवडस," तो म्हणाला. "पहिला दिनपासून. बठ्ठं पुस्तक तठेच संपनं व्हतं, मी नुसती पानं वाढाई ऱ्हायंतू."

"सगळं पुस्तक पहिल्याच दिवशी संपलं होतं, मग इतके शनिवार मला कोड्यात का ठेवलं?"

"चुकलो," त्यानं कान पकडला. "मी येतो उद्या. नानांना भेटतो. आणि मग... मग मिती कोणती धरायची?"

विशाखानं डोळे पुसले. शाईचं बोट गालाला लागलं, तेही तिला कळलं नाही.

"आपल्यात मिती नसते, बैसाणे," ती म्हणाली. "तारीख सांगा. पत्रिका मीच जुळवणार आहे."