हैबती मावेल अशी पिशवी

तोरण्यामागच्या दरीतून हैबती धनगराला जिवंत, किंवा जसा असेल तसा, वर आणायचे होते. मेंढी नेणाऱ्या बिबट्यामागे कुऱ्हाड घेऊन उतरलेला हा गृहस्थ दुसरा दिवस उजाडला तरी परतला नव्हता. १९३८ साली वेल्ह्यात हवापालटाला आलेला मी मोहिमेत शिरलो, कारण पाठीवरच्या दोन पिशव्या माझ्याकडे होत्या.

हैबतीची बायको धोंडाबाई आणि भाऊ चिमाजी यांना मी निवडीचे शास्त्र समजावले. एकीला खिसेच खिसे. दुसरी म्हणजे पट्टे लावलेले जाड कापडाचे पोते. वजन खांद्यावर नको, कमरेवर हवे, वगैरे. चिमाजीने जांभई दिली. धोंडाबाईने पोत्याचा तळ चाचपला.

"ह्यात मानूस मावंल का?"

मी हसलो. तिने त्यातले माझे डबे ओतून टाकले आणि पोते पाठीला लावले. खिसेवाली मी घेतली.

कारवीतून, घसरड्या मुरमावरून, कातळाच्या खाचांत बोटे रुतवत आम्ही दुपारपर्यंत उतरत राहिलो. कमरेला कोयता खोचलेली धोंडाबाई मधूनमधून 'अवोऽ' अशी हाक टाकी. नवऱ्याचे नाव घ्यायची सोय नव्हती. त्या दरीत दुसरा 'अवो' नसल्याने अडचणही नव्हती. अखेर एका कपारीतून क्षीण 'हाय' आले. कपारीच्या तोंडाशी रक्ताळलेला बिबट्या बसला होता.

झेप! चिमाजी खाली. दात खांद्यात. हाड मोडल्याचे मी ऐकले! मी चाकू शोधू लागलो. पहिल्या खिशात साबण. दुसऱ्यात नकाशा. शेवटी सबंध पिशवीच त्याच्या तोंडावर हाणली, स्टोव्हसकट! जनावर वळले. पंजा आला. माझा कान लोंबला! तेवढ्यात धोंडाबाईचा कोयता त्याच्या मानेत रुतला. तिने उपटला. पुन्हा घातला. बिबट्या निपचित पडल्यावरही ती घालतच होती.

आत हैबती. मांडी सोललेली, घोटा उलटा फिरलेला. कातळ चढायला हात मोकळे हवेत. तिने त्याच कोयत्याने पोत्याच्या तळाला दोन भोके पाडली आणि नवऱ्याचे पाय त्यांतून ओढून काढले. ओझे मी घेतो, असे मी म्हणून पाहिले. तिने माझ्या लोंबत्या कानाकडे बघितले.

"तुमी खिसं सांबाळा, पावनं."

मी चिमाजीला धरून मागून चढलो. वाटेत तिने कुठेही पाठ टेकली नाही. वाडी दिसताच पोते बोलले.

"मला हितंच उतरव. मानसं बगत्याल."

"बगू द्या," ती म्हणाली, आणि पट्टे आवळून वाडीच्या मधल्या वाटेला लागली.