रिकाम्या खोलीचं माप

जुने, महागडे स्पीकर नवे करणं हा माझा धंदा. लाकडी खोकं तेवढं ठेवायचं, आतलं सगळं बदलायचं. लोकांचे ढिगाने केले. आमच्या दिवाणखान्यातल्या जोडीला मात्र बायको हात लावू देत नव्हती. ती तिच्या पहिल्या नवऱ्याची.

तो जाऊन सहा वर्षं झाली. तरी रोज ऑफिसातून आली की ही त्यांवर गाणी लावून सोफ्यावर पाय घेऊन बसायची, डोळे मिटायची, आणि तासभर मी घरात आहे की नाही याचा तिला पत्ता नसायचा. गेलेल्या माणसावर जळू नये म्हणतात. मी जळायचो, अगदी पोटातून. मला ती 'तू' म्हणते. त्याला अजून 'ते'.

शेवटी उजवा स्पीकर खरखरू लागला. मी संधी साधली.

"सगळंच बदलतो. ऐकत राहशील."

"आवाज त्यांचाच राहील ना?"

"चांगला होईल," मी म्हणालो.

रविवारी ती बहिणीकडे गेली, तेव्हा मी स्पीकरचे फाटके पडदे, तारा, फुगलेले कपॅसिटर, सगळं उपसून थेट कचऱ्यात टाकलं. इतक्या आनंदाने मी कधी कचरा टाकला नव्हता.

नवा अ‍ॅम्प्लिफायर हुशार. स्पीकरमधून शीळ सोडतो, परत येणाऱ्या आवाजावरून कोण कुठे बसलंय ते ओळखतो, आणि आवाज त्यांच्या कानांशी जुळवतो. मोबाइलवर माणशी एक ठिपका. त्याआधी रिकाम्या खोलीचं माप द्यायचं, म्हणजे सामान कुठलं नि माणूस कुठला ते त्याला कळतं. गिऱ्हाइकाकडे मी न चुकता दाराबाहेर जातो. इथे तिच्या पहिल्या नवऱ्याच्या आरामखुर्चीत बसलो होतो. माझ्या घरात मी का उठायचं? बसूनच माप घेतलं.

संध्याकाळी ती आली, सोफ्यावर बसली. मी शीळ सोडली. दोन ठिपके.

"बघ, तू नि मी."

मग नीट पाहिलं. दोन्ही ठिपके सोफ्यावर होते, खांद्याला खांदा लावून. मी समोर खुर्चीत.

माझी चूक लगेच लक्षात आली. मला अ‍ॅम्प्लिफायरने सामानात धरलं होतं. पण मग दुसरा ठिपका कोणाचा?

तिला बाहेर नेलं, दार लावलं, पुन्हा माप घेतलं. मोबाइलचा पडदा कोरा. माझ्या जिवात जीव आला. आत येऊन या वेळी मी तिला चिकटूनच बसलो. शीळ. दोन ठिपके. बरोबर. मी गाणं लावलं.

"अगदी त्यांचाच आवाज," ती म्हणाली. डोळे मिटलेले.

त्याची एक तारसुद्धा मी ठेवली नव्हती.

मी चिडून उठलो. पुन्हा शीळ सोडली.

दोन ठिपके.

वळून पाहिलं. मी उठलो होतो त्या जागेची गादी वर आली नव्हती.

मी सोफ्यासमोर जाऊन उभा राहिलो.

तिने डोळे उघडले नाहीत. "बाजूला हो ना जरा," ती म्हणाली. "तू मध्ये आलास की आम्हाला नीट ऐकू येत नाही."

मी बाजूला झालो.