चालतंय तोवर

माझा साडू त्या संध्याकाळी घरातून निघाला तो अगदी साध्या कामाला. पिशवीत स्क्रू-ड्रायव्हरचा संच, जेवणाचा डबा, थर्मासमध्ये चहा. बायकोला म्हणाला, "जुनं मशीन उतरवायचं, नवं चढवायचं. सकाळी नाश्त्याला हजर."

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. ऑक्टोबरातला शेवटचा शनिवार. काम ज्या गोदामात होतं ते रविवारी बंद असतं, म्हणून शनिवारची रात्र धरलेली.

तू मघाशी जेवताना काय म्हणालास रे? ऑफिसातला सर्व्हर म्हातारा झालाय, पण साहेब म्हणतात, चालतंय तोवर चालू दे. तेव्हाच सांगणार होतो. लहान पोरांसमोर नको म्हणून गप्प बसलो. पण आता तुम्हीच गच्चीवर येऊन मागे लागलात, तर ऐका. ही गोष्ट साडूच्या तोंडून ऐकलेली आहे, आणि साडू कसा आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. मांजर आडवं गेलं तर त्या मांजरालाच "सांभाळून जा" म्हणणारा माणूस. उगाच भिणाऱ्यातला नाही.

तर त्याचा एक शाळेपासूनचा मित्र. एका बाकावर बसून मार खाल्लेले दोघं. हा उंच म्हणून लंब्या, तो गोल म्हणून ढब्बू. पुढे ढब्बूने औषधांचा घाऊक धंदा काढला. मोठं गोदाम, पुढे ऑफिस, आणि मागच्या अंगाला एक बिनखिडकीची खोली. त्या खोलीत सर्व्हर. सर्व्हर म्हणजे काय, सगळ्या धंद्याचा मुनीम. कुठल्या दुकानाला काय गेलं, काय यायचंय, सगळं त्याच्या पोटात. तो साडूनेच बसवून दिलेला, धंदा नवा होता तेव्हा.

आणि ते मशीन सांभाळायला एक मुलगी होती. तिशीची असेल. सगळे ताई म्हणायचे. मशीनला काही झालं की ती साडूला फोन करायची, आणि दोघं मिळून त्याची मलमपट्टी करायचे. शेवटची काही वर्षं तर दोघांचं एकच रडगाणं होतं. ते मशीन थकलंय, त्याचे सुटे भाग मिळत नाहीत, ते बदला. ढब्बू हसायचा. "अरे, माझे वडील ऐंशीचे झाले, त्यांनाही बदलू का?" वर म्हणायचा, पुढच्या वर्षी बघू. मग पुढच्या वर्षी पुन्हा पुढच्या वर्षी.

मग साडू कामासाठी दोन वर्षं बाहेरगावी गेला. परत आला आणि आठवड्याच्या आत ढब्बूचा फोन.

"लंब्या, नवीन सर्व्हर घेतलाय. खोक्यात पडून आहे. तूच येऊन बसव."

साडूला आनंद झाला. म्हणाला, "उशिरा का होईना, शहाणपण सुचलं. ताई खूश असेल."

ढब्बू म्हणाला, "ताई सोडून गेली रे. लग्न झालं. परदेशात असते."

"मला कळवलं नाही तिने."

"हल्ली कोण कुणाला कळवतं?"

साडू म्हणतो, तेव्हा मला काहीच खटकलं नाही. शाळेतल्या मित्राच्या बोलण्यात कोण खोट शोधत बसतं?

शनिवारी रात्री दहाच्या सुमारास तो पोचला. ढब्बूने स्वतः दार उघडलं. गोदामात चिटपाखरू नाही. फाटकावर एक रखवालदार, तेवढाच. मागची खोली साडूला ओळखूच येईना. भिंतींना नवा रंग, छताला नवा रंग, बॅटऱ्यांची पेटी नवी. दाराला पूर्वी कार्ड लावून उघडायचं इलेक्ट्रिक कुलूप होतं, ते जाऊन साधी लोखंडी कडी आलेली. जुनं होतं ते फक्त मशीन. कोपऱ्यात धापा टाकत उभं.

"सगळं नवं केलंस आणि हेच ठेवलंस?" साडूने विचारलं.

"चालतंय ना," ढब्बू म्हणाला. पण आत आला नाही. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला, "मी केबिनमध्ये बसतो. लागलं तर इंटरकॉम आहे. आणि लंब्या... आजच उरक. काही झालं तरी आजच."

साडूने खोकं फोडलं. नवं मशीन बाहेर काढलं, जुन्याच्या शेजारी जमिनीवर ठेवलं, वायरी जोडल्या. जुन्याच्या पोटातलं सगळं नव्यात उतरवायला लावलं. आता पहाटेपर्यंत नुसतं बसायचं. त्याने चहा ओतला.

रात्री दोनच्या सुमाराला भिंतीवरचा इंटरकॉम वाजला. साडूने उचलला.

"भाऊ, आलात?"

साडूने आवाज लगेच ओळखला. इतकी वर्षं ऐकलेला. "अहो ताई! तुम्ही? मला वाटलं तुम्ही..."

"नवीन आलं का हो?" तिचा आवाज कसा, दिवाणखान्यात पाहुणे आलेत का विचारावं तसा. दबका, पण उत्सुक.

"आलं की. समोरच आहे माझ्या."

"खरंच आलं? कसं आहे?"

मग साडूने तिला सगळं वर्णन केलं. पंख्यांचा आवाज येत नाही, डिस्क किती मोठ्या, जागा किती कमी लागते. ती ऐकत होती. मधेच हसली. म्हणाली, "मी म्हणत होते ना भाऊ, याच्या निम्म्या विजेवर चालेल." मग म्हणाली, "जुन्याच्या खालच्या डिस्कला हात लावू नका हं. तापलीय."

साडूने सवयीने बोट लावलं आणि झटक्यात मागे घेतलं. चटका बसला.

"बसला ना चटका?" ती म्हणाली.

तेव्हा त्याच्या पहिल्यांदा मनात आलं... हिला कसं दिसलं?

तरी तो हसून म्हणाला, "कमाल आहे तुमची. परदेशात बसून लक्ष इकडेच."

"परदेशात? कोण म्हणालं?"

"ढब्बू. म्हणजे तुमचे मालक."

नुसती खरखर. मग ती हळू म्हणाली, "भाऊ, मी कुठेच गेले नाही."

आणि साडूच्या डोक्यात उजेड पडला. इंटरकॉम. तो इमारतीच्या आतल्या आत चालतो. त्याला बाहेरचा फोन येतच नाही. परदेशातून तर नाहीच.

त्याने फोनच्या छोट्या पडद्याकडे पाहिलं. कुठून फोन आलाय त्याचा आकडा दिसतो तिथे.

सात.

आणि फोनच्या अंगावर चिकटवलेली पट्टी. या खोलीचा नंबर... सात.

रिसीव्हर त्याच्या हातातून सुटला. तो दाराकडे गेला. दार ढकललं. हललं नाही. पुन्हा ढकललं.

बाहेरून कडी होती.

त्याने दार बडवलं. ढब्बूच्या नावाने ओरडला. मोबाइल काढला. त्या खोलीत रेंज कधीच नव्हती. मग लटकणारा रिसीव्हर उचलला. कान लावायचं धाडस होईना. तसाच केबिनचा नंबर दाबला.

ढब्बूने पहिल्या घंटेला उचलला.

"झालं?"

"दार उघड."

"काम झालं का लंब्या?"

"ढब्बू, दार उघड आधी! कडी कुणी घातली?"

श्वास तेवढा ऐकू येत होता. मग ढब्बूने विचारलं. अगदी बारीक आवाजात.

"...ती आली का?"

पोरांनो, साडू म्हणतो, भूत ऐकून मी घाबरलो नव्हतो तेवढा या तीन शब्दांनी गार झालो. याला माहीत होतं. याला सगळं माहीत होतं. आणि माहीत असून यानं मला आत घातलं. वर कडी लावली, मी पळून जाऊ नये म्हणून.

"तुझ्याआधी तिघं पळाले रे," ढब्बू रडायलाच लागला. "खोकं न फोडताच. आता मशीन दिवसातून तीनदा बंद पडतं. धंदा बुडेल माझा. तू तिच्या ओळखीचा... म्हटलं, तुला ती काही करणार नाही."

"काय झालं तिला?"

"बॅटऱ्यांमधून धूर निघाला. कुलूप त्या मशीनवरच चालायचं. मशीन अडकलं, दार अडकलं. आतून उघडायचं बटणही..."

"मग तिने फोन केला असेल."

शांतता.

"ढब्बू. तिने फोन केला होता?"

"मी इथेच बसलो होतो," ढब्बू म्हणाला. "याच खुर्चीत. सात आकडा दिसला. मला वाटलं, पुन्हा तेच. नवीन मशीन घ्या, नवीन मशीन घ्या... मी नाही उचलला. वाजत राहिला. मग... थांबला."

आणि त्याच लाइनवर, दोघांच्या मधे, ती बोलली.

"आज उचललात, मालक."

पलीकडे काहीतरी पडलं. खुर्ची असेल. पावलं. पळणारी. साडूला वाटलं, आला, आता दार उघडेल. पावलं दाराजवळून गेली. थांबली नाहीत. मग बाहेर गाडी सुरू झाली. गेली.

मित्र गेला. कडी तशीच.

आता वास येऊ लागला. जळकट. जुन्या मशीनच्या मागून धुराची एक बारीक रेघ. नव्या मशीनवर आकडा दिसत होता, निम्मं काम झालं होतं. आत्ता जुनं बंद केलं तर राहिलेलं निम्मं कायमचं गेलं. ते पुन्हा उठणार नाही, हे साडूइतकं कुणाला ठाऊक? पंधरा वर्षांचा धंदा. शाळेतल्या मित्राचा.

रिसीव्हर लटकत होता. त्यातून आवाज आला.

"भाऊ... बंद करा ना ते."

ओरडणं नाही. रागावणं नाही. दमलेल्या माणसाने म्हणावं तसं.

साडूने वायर धरली. आणि ओढली. तो म्हणतो, वायरीबरोबर तीस वर्षांची मैत्रीही उपटून आली हातात.

पंखे फिरत फिरत मंद झाले. थांबले. त्या खोलीत एवढी शांतता त्याने कधी ऐकली नव्हती. धूर विरला. फोन पुन्हा बोलला नाही.

उजाडताना फेरीवर आलेल्या रखवालदाराने दार बडवल्याचा आवाज ऐकला आणि कडी काढली. एवढंच म्हणाला, "साहेब, तिला बाहेर काढलं तेव्हा मीच होतो. मालकांनी आम्हाला सांगितलं, कुणी विचारलं तर म्हणा, ती न सांगता आत गेली होती."

साडू तिथून घरी आला नाही. तडक ढब्बूच्या घरी गेला. ढब्बू पांघरूण घेऊन बसलेला. म्हणाला, "लंब्या, आपला माणूस म्हणून तुला बोलावलं रे."

"माणूस म्हणून की बकरा म्हणून?" साडू म्हणाला. बस. त्यानंतर आजतागायत दोघांत एक शब्द नाही.

मग तिच्या आईचं घर शोधून काढलं. दोन गावं पलीकडे. म्हातारी दारात कपडे वाळत घालत होती. साडूने सगळं सांगितलं. भुताचं नाही. फक्त फोनचं. तिने हात धुतले, पायरीवर बसली.

"मालक म्हणाले होते, तुमच्या मुलीला हजारदा सांगितलं होतं, रात्री आत जाऊ नको. ऐकलं नाही तिनं. आपल्या हाताने मरण ओढवून घेतलं." मग बराच वेळ ती दोरीवरच्या कपड्यांकडे बघत बसली. "दोन वर्षं मी माझ्याच लेकीला बोल लावले. रोज. देवापुढे बसून. एवढा हट्टीपणा कुठून आला कार्टीला, म्हणून."

साडूने तिला पोलिसांत नेलं. रखवालदारही आला, हे विशेष. प्रकरण चालू आहे. ढब्बूचा धंदा बसला. गोदाम त्याच्या पुतण्याकडे गेलं. पोरगा भला आहे. त्याने साडूला निरोप धाडला, नवं मशीन जागेवर बसवून द्याल का? मागच्या खोलीत नको, पुढे, खिडकीजवळ. जुन्यातलं निम्मं उतरलंय त्यात, तेवढ्यावर नव्याने सुरू करू.

साडू गेला. दिवसाउजेडी, दोन माणसं सोबत घेऊन. मशीन सुरू करण्याआधी आत मेमरीची एक पट्टी वाढवायची होती. कारखान्यातून आल्यापासून त्याचं झाकण कुणी उघडलेलं नव्हतं. कडेला कागदी सील होतं, ते अखंड होतं. तिघांनी पाहिलं. साडूने नखाने सील फोडलं, स्क्रू काढले, झाकण उचलून उलटं टेबलावर ठेवलं.

झाकणाच्या आतल्या बाजूला, कोऱ्या चकचकीत पत्र्यावर...

काजळीचे हात होते. बाईचे. तळवे आणि बोटं, एकावर एक, एकावर एक. आतून बडवल्यासारखे.